जक्कयाचा हिशेब

एक साधे गणित मांडून पाहू. एका माणसाकडे शंभर नाणी आहेत. तो चारचौघांसमोर उभा राहून सांगतो, की यातली अर्धी गरिबांना देतो आणि कुणाचे काही लुबाडून घेतले असेल तर त्याला चौपट परत करतो. अर्धी गेली, उरली पन्नास. या पन्नासात चौपट भरपाई बसवायची, तर मूळ लुबाडणूक साडेबारा नाण्यांच्या वर असून भागणार नाही. शंभरातला आठवा हिस्सा लबाडीचा निघाला, की हा धनाढ्य माणूस संध्याकाळपर्यंत कफल्लक! दहाच नाणी लबाडीची निघाली, तरी चाळीस परत जाणार आणि शंभरांचा धनी दहावर येणार.

हे गणित लूकच्या शुभवर्तमानातल्या एकोणिसाव्या अध्यायात, सुरुवातीच्या अवघ्या दहा वचनांत दडलेले आहे. बोलणारा माणूस जक्कय, यरीहो शहराचा मुख्य जकातदार. ख्रिस्ती घरांतल्या मुलांना ही गोष्ट पाठ असते : बुटका माणूस, झाड, आणि झाडाखाली थांबून वर पाहणारा येशू. पण मोठेपणी ती पुन्हा वाचताना थबकायला होते ते वेगळ्याच ठिकाणी. हे गणित जक्कयाला कुणी घातलेलेच नव्हते. येशूने त्याच्याकडे एक पैसा मागितला नव्हता, कसली अट टाकली नव्हती, लोकांना नाडल्याबद्दल एका शब्दाने खडसावले नव्हते. आज मुक्काम तुझ्या घरी, एवढेच तो म्हणाला होता.

एवढ्याने माणूस आपली अर्धी इस्टेट कशी काय सोडतो? ते समजायचे तर आधी यरीहो समजले पाहिजे.

यरीहो हे शहरच अद्भुत आहे. समुद्रसपाटीच्या वर वसलेली गावे आपण पाहतो. हे समुद्रसपाटीच्या सुमारे अडीचशे मीटर खाली वसलेले आहे. यरुशलेम डोंगरावर, त्याहून हजार मीटर उंच, आणि दोहोंमधले अंतर साधारण २७ किलोमीटर. ओसाड कड्यांमधून उतरणाऱ्या याच वाटेवर येशूने आपल्या एका गोष्टीतला प्रवासी लुटारूंच्या हाती दिला आणि त्याला वाचवायला एक शोमरोनी माणूस पाठवला. यरीहोचे जुने टेकाड, तेल एस-सुलतान, मानवी वस्तीच्या सर्वांत प्राचीन जागांपैकी एक. २०२३ साली युनेस्कोने ते जागतिक वारशाच्या यादीत घेतले. जक्कयाच्या काळातली श्रीमंती मात्र तिथून थोडी दक्षिणेला, वादी केल्तच्या काठी फुलली होती. एहूद नेत्झर या पुरातत्त्वज्ञाने १९७३ पासून तिथे उत्खनन केले आणि हेरोद राजाचे हिवाळी महाल उजेडात आणले : तलाव, स्नानगृहे, बागा. यरुशलेमात थंडी कडाडली, की राजघराणे खाली या ऊबदार खळग्यात येऊन राही.

आणि या खळग्यात पिकायचे काय? खजूर, आणि बलसान. बलसानच्या झुडपाला चीर दिली, की थेंबथेंब पाझरणारा सुगंधी डिंक औषधात आणि अत्तरात वापरत. अँटनीने क्लिओपात्राला ज्या जमिनी भेट दिल्या, त्यांत यरीहोच्या या बागाही होत्या. मग हेरोदाने त्याच बागा तिच्याकडून वर्षाला दोनशे टॅलेंट मोजून खंडाने घेतल्या, असे इतिहासकार जोसेफस सांगतो. प्लिनी तर लिहितो, की पुढे ज्यू बंडाच्या वेळी बंडखोर ही झुडपे उपटू लागले आणि रोमन सैनिक ती वाचवायला लढले. झुडपासाठी लढाई! अशा गावाच्या वेशीतून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक ओझ्यावर जकात घेणारा माणूस गरीब कसा राहील?

त्यात यरीहो सीमेवरचे. इ.स. ६ मध्ये रोमने हेरोदाचा मुलगा अर्खेलाव याला गादीवरून काढले आणि यहूदिया प्रांत थेट आपल्या अमलाखाली घेतला. यार्देन नदीपलीकडचा पेरिया मात्र अर्खेलावाचा भाऊ हेरोद अंतिपास याच्याकडे राहिला. नदी ओलांडली की राज्य बदलले. राज्य बदलले की नाका आला.

जमिनीचा सारा आणि डोईपट्टी यांची व्यवस्था वेगळी होती. मालावरच्या जकातीचा मात्र ठेका दिला जाई. ठेकेदाराने ठरलेली रक्कम सरकारात भरायची आणि मग ती, वर आपला नफा धरून, वाटसरूंकडून वसूल करायची. मुख्य जकातदाराच्या हाताखाली इतर जकातदार, त्यांच्या हाताखाली नाक्यावर बसून गोण्या उसवणारी माणसे. मुंबईच्या वेशीवरचे जकात नाके जुलै २०१७ मध्ये जीएसटी येताच बंद झाले. त्याआधी तिथल्या ट्रकांच्या रांगा पाहिलेल्या कुणालाही नाक्यावरचा माणूस किती बलवान असतो हे सांगायला नको. यरीहोत भर इतकीच, की हा बलवान माणूस परक्या राजवटीचा आणि स्वतःच्या खिशाचा, दोघांचा वसुलीदार होता.

दर नक्की किती, हा तर कायमचा झगडा. सिरियातल्या पालमिरा शहरात इ.स. १३७ मध्ये कोरलेला एक प्रचंड शिलालेख १८८०च्या दशकाच्या आरंभी सापडला. आज तो सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. ग्रीक आणि अरामी अशा दोन्ही भाषांत तो सांगतो, की जुन्या कायद्यात कित्येक वस्तूंचे दर लिहिलेलेच नव्हते, त्यामुळे व्यापारी आणि जकातदार यांच्यात वारंवार तंटे होत. म्हणून नगरसभा आता प्रत्येक दर दगडावर कोरून ठेवत आहे. सुगंधी तेल दगडी कुप्यांतून आणले, तर उंटाच्या ओझ्यामागे २५ दिनार, आणि बकऱ्याच्या कातडी पखालीतून आणले तर १३. मत्तयच्या शुभवर्तमानात द्राक्षमळ्यातला मजूर दिवसाला एक दिनार कमावतो, हे लक्षात घेतले की आकड्यांचे वजन कळते. हा लेख जक्कयानंतर शंभरेक वर्षांनी कोरलेला. दर दगडावर येण्याआधी ते कुठे असायचे? जकातदाराच्या जिभेवर. म्हणूनच यार्देनकाठी बाप्तिस्मा घ्यायला आलेल्या जकातदारांना योहान एवढेच बजावतो, की ठरल्यापेक्षा अधिक घेऊ नका.

अशा माणसाला समाज काय करतो? वाळीत टाकतो. इ.स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ज्यू धर्मग्रंथातले नियम पाहा. खुनी, दरोडेखोर आणि जकातदार यांच्यापासून माल वाचवायला खोटा नवस बोलला तरी चालेल. जकातीच्या पेटीतल्या नाण्यांतून सुटे घेऊ नयेत, त्या पेटीतून दानही स्वीकारू नये. वसुलीवाले घरात शिरले, तर घर अशुद्ध. माणूस श्रीमंत असून त्याचा पैसा भिकाऱ्यालाही नकोसा, असे हे विलक्षण बहिष्कृतपण. आंधळ्याला किंवा कुष्ठरोग्याला समाज बाहेर ठेवतो, तेव्हा निदान एखाद्याला त्यांची कणव तरी येते. जक्कयासाठी हळहळणारे यरीहोत कुणीच नसावे, आणि त्याला कारण होते.

लूकने रचना मोठी मार्मिक केली आहे. जक्कयाच्या गोष्टीच्या लगेच आधी, यरीहोच्या वाटेवर, एक आंधळा भिकारी येशूला हाका मारतो आणि पुढचे लोक त्याला दटावून गप्प करू पाहतात. मग जक्कय येतो, आणि तीच गर्दी त्याच्यापुढे पाठी करून उभी राहते. एक कंगाल, एक धनाढ्य. दोघांनाही येशूपर्यंत पोचू न देणारी भिंत एकच.

जक्कय मग दोन गोष्टी करतो, ज्या त्या काळी कुठलाही प्रतिष्ठित गृहस्थ करणार नाही. तो धावतो, आणि झाडावर चढतो. हे झाड फायकस सायकोमोरस, म्हणजे आपल्या उंबराचे जवळचे भाऊबंद. उंबरासारखीच त्याची फळे खोडाला आणि जाड फांद्यांना घोसांनी लगडतात. फांद्या खालपासून आडव्या पसरलेल्या, त्यामुळे बुटक्या माणसालाही चढायला सोपे, आणि पानोळा दाट, त्यामुळे लपायलाही. थंडीचे कडाके सोसत नाही म्हणून ते सखल, ऊबदार भागातच वाढते. यरीहोसारखी जागा त्याला मानवणारच.

या झाडाचे एक नवल असे. उंबरवर्गातल्या प्रत्येक झाडाचे परागीभवन करणारी स्वतःची एक चिमुकली गांधीलमाशी असते. सायकोमोर मूळचे आफ्रिकेचे. तिथून ते इजिप्त-पॅलेस्टाइनकडे आले, पण त्याची परागवाहक माशी काही आली नाही. त्यामुळे इथे फळात बी धरत नाही, आणि हजारो वर्षे माणसांनीच फांद्या लावून हे झाड टिकवले. फळेही नीट पिकेनात. त्यावर शेतकऱ्यांनी तोड काढली : कच्च्या फळाला सुरीने चीर द्यायची. जखमेतून इथिलीन वायू सुटतो आणि तीन-चार दिवसांत फळ फुगून गोड होते. आमोस संदेष्टा स्वतःचा धंदा सांगतो तो हाच, गुरे राखायची आणि ही फळे जोपासायची. गरिबांचे खाणे होते ते. यरीहोचा सर्वांत श्रीमंत जकातदार चढून बसला तो या गरिबांच्या झाडावर.

आणि हे झाड गावात नसणार. मिश्नामध्ये नियम आहे, की झाडे गावापासून पंचवीस हात दूर असावीत. सायकोमोर आणि कॅरोब ही पसरट झाडे असतील तर पन्नास हात. येशू यरीहोतून चालला होता, असे लूक म्हणतो. जक्कय पुढे पळाला तो बहुधा वेशीबाहेर, जिथे येशू गाव मागे टाकून यरुशलेमच्या चढाला लागणार होता. त्याला भेटायचे नव्हतेच, नुसते पाहायचे होते. पाहून झाले, की पाहुणा वर डोंगराकडे आणि आपण गुपचूप खाली.

तिथेच सारे उलटे होते. पाहणारा पाहिला जातो. येशू झाडाखाली थांबतो, वर बघून त्याला नावाने हाक मारतो आणि लवकर उतरायला सांगतो, कारण आज त्याला जक्कयाकडेच राहायचे आहे. यजमानाने पाहुण्याला बोलवावे ही रीत. इथे पाहुणा स्वतःला बोलवून घेतो. गाव ओलांडून पुढे निघालेला प्रवासी पुन्हा मुक्कामाला थांबतो, आणि गावातली इतकी सोवळी घरे सोडून नेमके ते एकच घर निवडतो, जिथे कुणी जात नाही.

लोक कुरकुरतात. लूक पूर्वीही दोनदा ही कुरकुर ऐकवतो : लेवी नावाच्या जकातदाराच्या मेजवानीत, आणि हरवलेल्या मेंढराच्या गोष्टीआधी. तेव्हा ती शास्त्री-परूशी, म्हणजे धर्मशास्त्राचे जाणकार आणि कर्मठ मंडळी, करत होते. यरीहोत मात्र सगळेच करतात. क्षणापूर्वी सारा राग जक्कयावर होता, आता तो येशूकडे वळतो. स्वीकाराची ही किंमत गोष्टीत फार स्पष्ट आहे. वाळीत पडलेल्या माणसाला जवळ करायचे, तर त्याच्या वाट्याची थोडी नाचक्की आपल्या अंगावर घ्यावी लागते.

इथे एक गैरसमज टाळायला हवा. ज्यू परंपरेत पाप्याला परतीचे दार बंद होते, असे मुळीच नाही. परत फिरण्याची वाट अगदी रेखीव होती. लेवीय पुस्तक सांगते : फसवून घेतलेले परत कर, वर पाचवा हिस्सा घाल, अर्पण वाहा. म्हणजे शंभराला एकशेवीस. ई. पी. सँडर्स या अभ्यासकाने १९८५ साली मांडलेला मुद्दा या संदर्भात महत्त्वाचा आहे. पापी सुधारला याचा राग कोणाही धार्मिक ज्यूला आला नसता, उलट आनंदच झाला असता. खटकले ते हे, की येशू अशा पाप्यांना भरपाई आणि अर्पण यांच्या आधीच आपले म्हणत होता. म्हणजे वाद क्षमेचा नव्हताच, क्रमाचा होता. आधी परतफेड, मग पंगत, की आधी पंगत?

याच्या आदल्याच अध्यायात लूकने हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने तपासला आहे. तिथे एक श्रीमंत अधिकारी येतो. लहानपणापासून आज्ञा पाळणारा, अंगाला डाग नसलेला. त्याला येशू स्पष्ट सांगतो, की सगळे विकून गरिबांना दे. तो खिन्न होतो. सुईच्या नाकातून उंट जाणे सोपे, हे प्रसिद्ध बोल त्याच वेळचे. नंतर यरीहोत दुसरा श्रीमंत भेटतो, नखशिखांत डागाळलेला. त्याच्याकडे काहीच मागितले जात नाही, आणि तो उभा राहून अर्धे देऊन टाकतो. मागून जे मिळाले नाही, ते घरी जाऊन मिळाले.

आता त्या गणिताकडे नीट पाहू. कायद्याने वीस टक्के पुरे होते. चौपटीची शिक्षा निर्गम पुस्तकात आहे ती मेंढरू चोरून मारणाऱ्या किंवा विकणाऱ्या चोराला. रोमन कायद्यातही रंगेहाथ सापडलेल्या चोराला चौपट भरावी लागे. जक्कयाला कुणी पकडलेले नव्हते. तो स्वतःहून स्वतःला सर्वांत कडक कलम लावून घेतो. दानाचेही तसेच. दुसऱ्या शतकातल्या ज्यू धर्मगुरूंनी उशा या गावी ठरवले, की दानशूराने आपल्या मालमत्तेच्या पाचव्या हिश्शाहून अधिक उधळू नये, नाहीतर उद्या त्यालाच मागायची पाळी येईल. जक्कय पाचवा हिस्सा कधीच ओलांडून गेला आहे.

पण दान आणि भरपाई अशी दोन वेगळी कलमे का? याचा सर्वांत सुंदर खुलासा तालमूद या ज्यू धर्मग्रंथात सापडतो. तो जक्कयाबद्दल नाही, त्याच्या धंद्याबद्दल आहे. मेंढपाळ, वसुलीवाले आणि जकातदार यांचा पश्चात्ताप अवघड असतो, असे तिथे म्हटले आहे. एका घरी चोरी केली तर त्या घरी जाऊन परत करता येते. पण नाक्यावरून वर्षानुवर्षे गेलेल्या हजारो अनोळखी माणसांकडून दोन-दोन नाणी जास्त घेतली असतील, तर ती कोणाला शोधून द्यायची? उपाय सांगितला आहे तो असा : जे ओळखीचे आहेत त्यांना परत करा, ज्यांचा पत्ता नाही, त्यांच्या पैशातून पाण्यासाठी विहिरी, टाकी खोदा, सगळ्यांच्या उपयोगाचे काही करा. तालमूदचे संकलन जक्कयानंतर कित्येक शतकांनी झाले. तरी त्याच्या शेजारी जक्कयाची दोन कलमे ठेवून पाहा. चौपट त्यांना, ज्यांची नावे सांगता येतात. अर्धे त्या गरिबांना, ज्यांच्यात कुठेतरी ते हरवलेले चेहरे असतीलच. ज्याने आयुष्यभर वसुलीचा हिशेब ठेवला, त्याला परतफेडीचाही ठेवता आला. या गोष्टीत पश्चात्तापाचे अश्रू कुठे नाहीत, आहेत ते आकडे.

काही अभ्यासकांना तर हा पश्चात्ताप आहे हेच मान्य नाही. जोसेफ फिट्झमायर यांनी आपल्या लूकवरील भाष्यात दाखवून दिले, की जक्कयाची क्रियापदे वर्तमानकाळी आहेत आणि तो कुठेही पापाची कबुली देत नाही. कदाचित तो लोकांच्या कुरकुरीला उत्तर देत असेल, की तुम्ही समजता तसा मी नाही, मी हे नेहमीच करत आलो आहे. हा अर्थ विचारात पाडतो, कारण मग दोषी ठरते ती गर्दी, माणसाला त्याच्या धंद्यावरून निकालात काढणारी. पण मालमत्तेचा अर्धा भाग रोज रोज देता येत नाही, आणि चौपट भरपाईची सवय असायला लुबाडण्याचीही सवय लागते. शिवाय गोष्टीच्या शेवटी येशू म्हणतो, की आपण हरवलेल्यांना शोधायला आलो आहोत. न हरवलेल्याच्या घरी हे वाक्य कशाला? बहुतेक वाचकांनी जक्कयाला पालटलेला माणूस मानले ते यामुळेच.

पुढे त्याचे काय झाले, लूक सांगत नाही. प्राचीन परंपरेने त्याला कैसरियाचा बिशप केले. फ्रान्समधल्या रोकामादूरच्या दंतकथेने त्याला तिथल्या कड्यावरचा तपस्वी केले. रशियन आणि इतर स्लाव ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये ईस्टरच्या उपवासकाळाची चाहूल लागते ती जक्कयाच्या रविवारने. रोमन कॅथलिक परंपरेत नवे चर्च अर्पण करण्याच्या विधीसाठी हेच वाचन जोडले गेले. देवाचे घर उघडताना एका बदनाम माणसाच्या घराची आठवण काढायची, ही निवड साधी नाही.

या गोष्टीतले येशूचे शेवटचे बोल जक्कयाच्या घरात उच्चारलेले असले, तरी कान गर्दीचे आहेत. हाही अबराहामाचाच वंशज, असे तो सांगतो. म्हणजे तुमच्याच कुळातला, तुमच्याच वाड्यातला. गर्दी यावर काय म्हणाली? लूक एक अक्षर लिहीत नाही. पण जक्कयाच्या वचनात एक मजेदार अडचण आहे, आणि ती जक्कयाची नाही, यरीहोकरांची आहे. चौपट परत घ्यायला कुणीतरी पुढे यायला हवे. नाव सांगायला हवे, किती गेले ते सांगायला हवे, त्याच्यासमोर बसून मोजून घ्यायला हवे. ज्या घरात येशू शिरला म्हणून सारे गाव नाक मुरडत होते, पैसे परत हवेत तर त्याच घराचा उंबरठा आता त्यांनाही ओलांडावा लागणार होता.